लंका कुणाची जळाली? ‘काला’ चित्रपट घरच्यांसोबत पाहताना

रविवारची रात्र होती. जेवणे आटोपली होती आणि घरातली लहानथोर मंडळी टीव्हीसमोर बसून रजनीकांतचा ‘काला’ पाहत होती. चित्रपट संपला आणि आमचा सातवीतला पुतण्या म्हणाला, "काका, शाळेत तर बाई सांगतात रावण दुष्ट होता. मग ह्या पिक्चरमधला रावण चांगला कसा?"

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच कोपऱ्यात बसलेल्या आमच्या मातोश्री बोलल्या, "बाळा, रावण चांगला व्हता का वाईट, ते राहू दे. घर कुणाचं जाळलं, ते आधी बघ."

म्हातारीला लिहिता-वाचता येत नाही. पण तिने आपली झोपडी तुटताना पाहिली आहे. त्या दिवशी तिने सर्वांत आधी बाबासाहेबांचा फोटो बाहेर काढला, मग पिठाचा डबा, मग पोरांची दप्तरे. अशा बाईने रामायणावर विचारलेला प्रश्न आम्हाला भल्याभल्या पंडितांच्या प्रश्नांपेक्षा मोलाचा वाटला. ‘काला’ या चित्रपटाचे सारही त्या एका वाक्यात आले आहे. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आज या पानावर त्याच प्रश्नाच्या आधाराने या चित्रपटाविषयी बोलू या.

१९८७ चे ते दिवस

पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या वाचकांना १९८७ साल चांगले आठवत असेल. त्या वर्षीच्या जानेवारीपासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवार सकाळी रस्ते ओस पडत. चाळीत एखाद्याच खोलीत टीव्ही असे. त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे आणि पोरे उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीने बसत. कित्येक घरांत टीव्हीलाच हार घालून उदबत्ती लावली जाई. आपल्या वस्तीतली पोरेही खराट्याच्या काड्यांचे बाण करून खेळत. राक्षस कोण व्हायचे यावर भांडणे होत आणि बहुतेक वेळा जो पोरगा सर्वांत काळा, त्याच्यावरच राक्षस होण्याची पाळी येई!

त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने परमपूज्य बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ होता. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरचे परिशिष्ट काढून टाकावे म्हणून केवढे वादळ उठवले गेले! तप केले म्हणून शंबूकाचा वध का झाला, असे प्रश्न विचारणेच गुन्हा ठरवले जात होते. १९८८ च्या सुरुवातीला आपला समाज प्रचंड संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरला. लेकुरवाळ्या बायका, गिरणीतले कामगार, कॉलेजातली पोरे, सगळे निळ्या झेंड्याखाली एक झाले. परिशिष्ट ग्रंथात राहिले. या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, एवढी टीप तेवढी जोडली गेली.

एका जुन्या कथेला प्रश्न विचारण्यासाठी आपल्या माणसांना तेव्हा रस्त्यावर यावे लागले. त्यानंतर तीस वर्षांनी, ७ जून २०१८ रोजी, त्याच कथेला उलट बाजूने प्रश्न विचारणारा चित्रपट तमिळ, तेलुगू आणि हिंदीतून देशभर झळकला. नायक होता रजनीकांत आणि दिग्दर्शक होता पा. रंजित. चेन्नईजवळच्या दलित वस्तीत वाढलेला हा तरुण ‘जय भीम’ उघडपणे म्हणतो आणि आपल्या चित्रपटांतून बाबासाहेबांना लपवीत नाही. म्हणून या चित्रपटाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहून चालणार नाही.

कथा धारावीची, सांगाडा रामायणाचा

करिकालन ऊर्फ काला हा धारावीचा नेता. त्याचे घराणे तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीकडून पोट भरायला मुंबईत आलेले. घरात बायको सेल्वी, मुले, सुना, नातवंडे. त्याच्यासमोर उभा आहे हरिदेव अभ्यंकर ऊर्फ हरीदादा. ही भूमिका आपल्या मराठीतल्या नाना पाटेकर यांनी केली आहे. हरीदादाचे कपडे पांढरे, घर पांढरे, भाषा स्वच्छतेची. शहर ‘शुद्ध’ करायचे म्हणून त्याला धारावी मोकळी करून हवी आहे. त्याच्या घरात रामाची पूजा होते आणि काला म्हणजे रावण, हे त्याने मनाशी पक्के करून टाकले आहे.

शेवटच्या भागात हरीदादाच्या घरी रामकथा चालू आहे. रावणाचे एक डोके छाटले की दुसरे उगवते, असे वर्णन तिथे चालले आहे आणि त्याच वेळी इकडे धारावी पेटवली जात आहे. एकाच वेळी पुराणातली लंका आणि आजची वस्ती पडद्यावर जळते. एकीकडे पुण्यकर्म म्हणून ऐकली जाणारी कथा, दुसरीकडे त्या कथेचा माणसांना पोचणारा चटका! आमच्या मातोश्रींनी प्रश्न विचारला तो याच दृश्यानंतर.

कालाचे प्रेत कुणालाच सापडत नाही. पुढे हरीदादा भूमिपूजनाला धारावीत येतो तेव्हा त्याला प्रत्येक चेहऱ्यात काला दिसू लागतो. दहा डोक्यांचा अर्थ इथे उलगडतो. दहा डोकी म्हणजे एका राक्षसाचे अचाट शरीर, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले गेले. या चित्रपटात ती दहा डोकी म्हणजे वस्तीतली माणसे आहेत. एकाला पाडले तरी दुसरा उभा राहतो.

रावणाची बाजू काही नवी नाही

रंजितने हे सारे आपल्या डोक्यातून काढले, असे कुणी समजू नये. तमिळनाडूत ही परंपरा जुनी आहे. पेरियार रामस्वामी यांनी रामायणातील पात्रांची कठोर चिकित्सा केली. त्यांच्या पुस्तकाचे ‘सच्ची रामायण’ हे हिंदी भाषांतर ललई सिंह यादव यांनी १९६८ साली छापले, तेव्हा उत्तर प्रदेश सरकारने ते जप्त केले. ललई सिंह डगमगले नाहीत. ते न्यायालयात लढले, आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयातही सरकारचे अपील फेटाळले गेले. पुलवर कुळंदै या तमिळ कवीने १९४६ साली रावणाला नायक करून ‘रावण काव्यम्’ लिहिले. १९४८ मध्ये त्यावर मद्रास सरकारने बंदी घातली आणि ती १९७१ साली उठली. ‘काला’मध्ये हेच पुस्तक कालाच्या टेबलावर दिसते.

आणि आपण महाराष्ट्रातली माणसे कुठे मागे आहोत? महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीराजाची गोष्ट उलटी करून सांगितली. पाताळात घातलेला बळी हा आपला न्यायी राजा होता आणि वामन हा कपटी होता, हे त्यांनी शेतकऱ्यांना उमगेल अशा भाषेत मांडले. बळीचे राज्य येवो असे आपल्या आयाबाया दिवाळीला ओवाळताना पिढ्यान्पिढ्या म्हणत आल्या होत्याच. जोतीरावांनी त्या म्हणण्याचा अर्थ सांगितला. तमिळ मातीतला रावण आणि मराठी मातीतला बळी हे अशा रीतीने एकमेकांचे सोयरे आहेत.

मुलांना दाखवाव्या अशा चार खुणा

हा चित्रपट मुलांसोबत पाहताना काही खुणा त्यांना आवर्जून दाखवाव्यात.

पहिली खूण कालाच्या जीपगाडीची. तिच्या नंबरात ‘बी. आर.’ ही अक्षरे आणि १९५६ हा आकडा आहे. ‘बी. आर.’ म्हणजे कोण आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले, हे आपल्या घरातल्या पोराला सांगता आले पाहिजे. न आल्यास त्या रात्री टीव्ही बंद करून तेवढेच शिकवावे.

दुसरी खूण पाण्याची. हरीदादा कालाच्या घरी येतो. सेल्वी पाणी देते. तो पीत नाही. कुणी काही बोलत नाही, पण ज्यांचे आजोबा-पणजोबा १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेले, त्यांना ते न प्यालेले पाणी लगेच ओळखू येते. आमच्या घरी हे दृश्य आले तेव्हा मातोश्री हसल्या आणि म्हणाल्या, "बघ, नाही प्याला."

तिसरी खूण नावाची. वस्ती पाडून इमारती बांधायला निघालेल्या कंपनीचे नाव ‘मनू’ आहे. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली, पण मनू बिल्डर होऊन परत येऊ शकतो, एवढे त्या एका पाटीतून दिग्दर्शक सांगून जातो.

चौथी खूण रंगांची. शेवटी धारावीची माणसे आधी काळा, मग लाल, मग निळा रंग उधळतात. काळा पेरियारांचा आणि कष्टकऱ्याच्या कातडीचा, लाल कामगारांचा आणि निळा आपला. काळा रंग हा श्रमाचा रंग आहे, असे काला अभिमानाने सांगतो. गोरेपणाच्या मलमांच्या जाहिराती पाहून आरशासमोर खट्टू होणाऱ्या आपल्या लेकींना हे वाक्य शंभर वेळा ऐकवावे.

सीता, सेल्वी आणि चारू

रामायणात बाईच्या वाट्याला काय आले? पळवून नेणे, अग्निपरीक्षा आणि वनवास. ‘काला’तला रावण कुणाच्या बायकोला पळवीत नाही. झरीना ही त्याची तरुणपणची प्रेयसी. एकटीने मुलीला वाढवणारी आणि वस्त्यांच्या पुनर्वसनाचे काम करणारी ती मुसलमान बाई परत येते. काला तिच्याशी मानाने वागतो आणि घरी येऊन बायकोपासून काही लपवीत नाही. सेल्वी तर भांडखोर, मायाळू, नवऱ्याला भर मंडळीत सुनावणारी. आपल्या प्रत्येक गल्लीत एक सेल्वी आहे. हल्ल्यात ती आणि तिचा एक मुलगा मारले जातात तेव्हा आमच्या घरातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

पण सर्वांत लक्षात राहते ती चारुमती गायकवाड. अंजली पाटील या मराठी अभिनेत्रीने ती साकारली आहे. वस्तीत तिला ‘पुयल’ म्हणतात. पुयल म्हणजे वादळ. दंगलीत पोलीस तिची सलवार ओढून काढतात. आजवरच्या चित्रपटांत अशा वेळी मुलगी दोन्ही हातांनी अंग झाकते आणि नायक येईपर्यंत रडते. चारूचा हात कपड्यांकडे जात नाही. तो पडलेल्या लोखंडी सळईकडे जातो आणि ती तशीच चाल करून जाते. अब्रू हिरावणाऱ्याची जाते, माझी नाही, हे ती तोंडाने न बोलता सांगते. हे दृश्य मुलांसमोर कसे पाहावे, असे काही पालक म्हणतील. आम्ही म्हणतो, मुलग्यांसमोर तर जरूर पाहावे.

१९६० च्या दशकात याच मुंबईत दाक्षिणात्यांना ‘लुंगीवाले’ म्हणून हुसकावण्याची भाषा झाली होती. त्या मुंबईच्या कथेत गायकवाडांची मराठी मुलगी तमिळ कालाच्या बाजूने उभी राहते, हेही विसरता कामा नये.

हात थांबले की शहर थांबते

चित्रपटात मारामाऱ्या पुष्कळ आहेत. पण आमच्या मते कालाचे खरे शस्त्र वेगळेच आहे. धारावीची माणसे कामावर जायचे थांबतात. झाडूवाले, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बाया, सगळे आपापल्या जागी बसून राहतात आणि एवढे मोठे शहर लुळे पडते. कष्टकऱ्यांचे शरीर हीच त्यांची ताकद, असे काला सांगतो. आमच्या वाचकांपैकी कित्येकजणी पहाटेची लोकल पकडून चार घरची धुणीभांडी करतात, कित्येकजण सफाईच्या गाडीवर आहेत. आपल्यामुळे शहर चालते हे त्यांना कोणी सांगत नाही. ते या चित्रपटाने सांगितले, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

पडद्याबाहेरची धारावी

चित्रपटातली बरीचशी धारावी चेन्नईत सेट उभारून केलेली होती. खरी धारावी माहीम, शीव आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये आहे. ती मूळ कोळ्यांची जागा. पुढे खाडीकाठची दलदल भरत भरत माणसांनी ती राहण्याजोगी केली. चामडे कमावणारे तमिळ आणि आपले ढोर-चांभार बांधव, सौराष्ट्रातून आलेले कुंभार, उत्तरेकडचे जरीकाम करणारे कारागीर, सगळ्यांनी मिळून ही नगरी वसवली. चिखलाची जमीन होती तेव्हा ती कुणालाच नको होती. शेजारी काचेचे मनोरे उभे राहिले आणि त्याच जमिनीला सोन्याचा भाव आला.

पुनर्विकासाची योजना २००४ साली मंजूर झाली आणि वर्षानुवर्षे रखडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटी रुपयांची बोली सर्वांत मोठी ठरली आणि जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने त्या समूहाकडे काम सोपवले. १ जानेवारी २००० च्या आधीपासून तळमजल्यावर राहणाऱ्या पात्र कुटुंबांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर फुकट मिळेल असे ठरले. २००० ते २०११ या काळातल्यांना धारावीबाहेर, अडीच लाख रुपये भरून. माळ्यावर राहणाऱ्यांनाही बाहेरच, भाडेतत्त्वावर. म्हणजे एकाच शिडीच्या खाली आणि वर राहणाऱ्या दोन भावांची वाट वेगळी!

चांगले पक्के घर, घरात नळ आणि संडास कोणाला नको आहे? आपल्या आयाबहिणींनी रांगेत उभे राहून जन्म काढले आहेत. कालाही घराला विरोध करीत नाही. आम्ही इथे कसे राहायचे हे ठरवताना आम्हाला विचारा, एवढेच तो म्हणतो. म्हणून आमची सर्वांना कळकळीची विनंती आहे की, वस्ती धारावीची असो की आणखी कुठली, आपली कागदपत्रे नीट जपावीत, सभेला जावे आणि सही करण्यापूर्वी कागद शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावा. जमीन गेल्यावर चित्रपट पाहून काही उपयोग नाही.

काही खटकणाऱ्या गोष्टी

गुण सांगितले, आता दोषही सांगितले पाहिजेत. चित्रपट अडीच तासांहून अधिक लांब आहे आणि अधूनमधून रजनीकांतच्या चाहत्यांसाठी थांबतो. नट आणि त्याची भूमिका यांत केवढे अंतर असते तेही इथेच कळते. मे २०१८ मध्ये तुतीकोरीनला तांब्याच्या कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात १३ माणसे मेली. त्यानंतर आठवडाभरात रजनीकांत म्हणाले की, प्रत्येक गोष्टीसाठी आंदोलने होऊ लागली तर तमिळनाडूचे स्मशान होईल. पडद्यावरचा काला मात्र आंदोलनासाठीच जगतो! तेव्हा पोस्टरला दूध घालण्याच्या भानगडीत आपल्या तरुणांनी पडू नये. माणसाची भक्ती माणसाला खड्ड्यात घालते, हे बाबासाहेबांनी आपल्याला बजावलेले आहे.

दुसरी गोष्ट शेवटची. हरीदादाचा अंत लोकांच्या हातून होतो. पाहताना टाळ्या वाजतात, पण आपला मार्ग तथागतांचा आहे. अंगुलिमालासमोर ते शस्त्र न घेता उभे राहिले होते. आपल्याला हरीदादाचे रक्त नको, हरीदादाने पाणी प्यावे असा समाज हवा आहे.

आणि तिसरी गोष्ट पुतण्याच्या प्रश्नाची. रामाच्या जागी रावणाला बसवून त्याची पूजा सुरू केली तर आपण काय मिळवले? मूर्ती बदलली, हात जोडलेलेच राहिले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला नवा देव नको. जुन्या बौद्ध ग्रंथांत या कथेची निराळीच रूपे सापडतात. दशरथ जातकात रावणही नाही आणि लंकाही नाही. महायान पंथाच्या लंकावतार सूत्रात रावण आहे, पण तो राक्षस म्हणून मारला जात नाही. लंकेचा तो अधिपती भगवान बुद्धांना आदराने आपल्या नगरीत बोलावतो आणि धम्माविषयी प्रश्न विचारतो. म्हणजे एका परंपरेने ज्याला जाळले, त्याला दुसऱ्या परंपरेने प्रश्न विचारणारा श्रोता केले. आम्हाला हा रावण सर्वांत जवळचा वाटला.

हे सारे आम्ही त्या रात्री पुतण्याला जमेल तसे सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग शाळेत काय सांगू?" आम्ही म्हटले, "बाईंना उलट बोलू नकोस. फक्त आजीचा प्रश्न विचार."

दुसऱ्या दिवशी तो शाळेतून आला. मातोश्री निवडायला तांदूळ घेऊन दारात बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "काय रे, काय म्हणल्या बाई?"

तो दप्तर खाली ठेवीत म्हणाला, "आजी, बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, असं मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं."

जय भीम!